गजर घराला नको, झोपलेल्याला पाहिजे

मा. संपादक साहेब, स.न.वि.वि.

कुपवाड एमआयडीसीत फस्ट शिफ्टला जाणारं पोरगं ज्या घरात आहे तिथं पहाटे ५ ला काय चालतं ते सगळ्यांना माहितीय. मोबाईल बोंबलतो, आई उठते, म्हातारी उठते, शेजारचं बाळ रडायला लागतं, आणि ज्याला जायचंय तो पठ्ठ्या हात फिरवून स्नूझ दाबतो न् परत घोरतो. आमचा थोरला असाच. लोक म्हणतात आळशी आहे, रात्री मोबाईल बघतो. बघतो, नाही असं नाही, पण गाढ झोपेतून एकदम उठवलं की डोकं १५-२० मिनिटं, कधी अर्धा तास नीट चालतच नाही, डॉक्टर लोक त्याला स्लीप इनर्शिया म्हणतात. म्हणजे बटण दाबणारा अजून जागाच नसतो, मग सगळा कारभार त्याच्या बोटावर सोडणारं घड्याळ बनवायचंच कशाला?

त्यात आवाज नुसता वाढवून पण उपयोग नाही. ऑस्ट्रेलिया-अमेरिकेत धुराच्या अलार्मवर अभ्यास झाले, त्यात ३००० हर्ट्झच्या आसपासच्या किरट्या बीपपेक्षा ५२० हर्ट्झचा जाडसर आवाज झोपलेल्यांना, त्यातल्या त्यात लहान मुलांना आणि कमी ऐकू येणाऱ्यांना जास्त उठवतो असं दिसलं. ५२० म्हणजे हार्मोनियमवर पांढरी एकचा वरचा सा धरा, मिरजेत कुणालाही विचारा, लगेच वाजवून दाखवतील. ऐकू न येणारे लोक तर उशीखाली थरथरणारं यंत्र कधीपासून वापरतात, त्यानं बाकीच्यांची झोप पण मोडत नाही. दोन खोल्यांत पाच माणसं झोपणाऱ्या घराला तेच पाहिजे की ओ.

गौरी नंदा यांनी अमेरिकेतल्या एमआयटीत शिकताना चाकाचं घड्याळ केलं, वाजलं की पळत सुटतं, २००५ ला त्याला इग नोबेल (आधी हसवून मग विचार करायला लावणाऱ्या कामाचं बक्षीस) पण मिळालं. डोकं भारी, पण आमच्याकडं ते खाली अंथरुणावर झोपलेल्या आजीच्या अंगावर जाणार.

माझं म्हणणं सांगलीतल्या इंजिनिअरिंगच्या पोरांना आहे. दरवर्षी प्रोजेक्टला तेच तेच लाईन फॉलोअर (जमिनीवरच्या रेषेवरून चालणारे) रोबोट करण्यापेक्षा हे करा. उशीखाली मोटर, अर्धा तास आधीपासून हळूहळू वाढणारा एलईडी (हिवाळ्यात ५ ला बाहेर मिट्ट काळोख असतो, अंगाला सकाळ झालीय हे कळणार कसं), आणि त्यानं नाही उठला तरच तो जाड आवाज. लाईट जाते म्हणून बॅटरी पाहिजेच. आणि बंद करायचं बटण घड्याळावर नको, वेगळं द्या, मोरीच्या भिंतीला लावता येईल असं. ॲप वगैरे काही नको, मोबाईल हातात आला की तो परत अंथरुणातच रील बघत बसतो. किंमत एका खाड्याला जेवढा पगार कापतात त्याच्या आत बसवा, घेणारे कुपवाडातच ढिगानं मिळतील.

आपला,
एक वाचक, कुपवाड (जि. सांगली)