१ ऑक्टोबरला आम्ही आता गांगरत नाही, मॅडम

आदरणीय मॅडम,

सा. न. वि. वि.

तुमचं नाव इथे मुद्दामच लिहीत नाही. जाहीर कौतुक तुम्हाला रुचत नाही, हे ठाऊक आहे. पण नवी मुंबईत रात्रपाळीला बसून जे तुमच्याकडे मेडिकल कोडिंग शिकले, ते चार ओळींत तुम्हाला ओळखतील. तुम्ही नाशिकला गेल्यापासून हे पत्र मनात होतं. यंदाचे ऑक्टोबरचे बदल तुमच्याशिवाय पार पडले आणि आता लिहिल्यावाचून राहवत नाही.

ज्यांना हे काम माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. अमेरिकेतला डॉक्टर पेशंटला तपासतो आणि नोंद लिहितो. ती नोंद, म्हणजे आमचा चार्ट, वाचून आम्ही आजाराला आयसीडी-१०-सीएमचा आणि उपचाराला सीपीटीचा कोड देतो. त्यावर विम्याकडे क्लेम, म्हणजे पैशांची मागणी, जातो आणि पैसे सुटतात. आजारांचे कोड दरवर्षी १ ऑक्टोबरला बदलतात, अलीकडे १ एप्रिललाही काही येतात. सीपीटी १ जानेवारीला बदलतो. कोणते दोन कोड एकाच बिलात चालतात, याचे एनसीसीआयचे नियम दर तिमाहीला नवे होतात. पूर्वी मेडिकेअर, म्हणजे अमेरिकेतला मुख्यतः ज्येष्ठांसाठीचा सरकारी विमा, नव्या कोडसाठी ९० दिवसांची सवलत द्यायची, ती २००४-०५ मध्ये बंद झाली. त्यामुळे ३० सप्टेंबरच्या व्हिजिटला बरोबर असलेला कोड १ ऑक्टोबरच्या व्हिजिटला चालेलच असं नाही.

सप्टेंबर आला की नव्या कोडची एक्सेल शीट मेलवर पाठवायची आणि 'बघून घ्या' म्हणायचं, ही सगळीकडचीच रीत. तुम्ही तसं कधी केलं नाही. तुम्ही आम्हाला मूळ अडेंडा, म्हणजे बदलांची अधिकृत यादी, उघडायला लावायचात. कडेला 'ॲड', 'डिलीट', 'रिव्हाइज फ्रॉम', 'रिव्हाइज टू' असं लिहिलेली ती रूक्ष पानं. प्रत्येकाने एक चॅप्टर घ्यायचा, मोठ्याने वाचायचा, आणि मग तुमचा ठरलेला प्रश्न यायचा: "हा बदल कोणाला हवा होता?" उत्तर आलं नाही तरी तुम्ही रागावत नव्हता. पण उत्तर मिळेपर्यंत पुढचं पानही उलटू देत नव्हता.

२०२१ची कंबरदुखी आम्ही कोणीच विसरणार नाही. एम५४.५ हा कोड सगळ्यांना तोंडपाठ. ऑर्थो आणि पेन मॅनेजमेंटच्या चार्टमध्ये तो हटकून यायचा. १ ऑक्टोबर २०२१ला तो रद्द झाला आणि त्याच्या जागी तीन आले: कारण नोंदलेलं नसेल तर एम५४.५०, दुखणं मणक्याच्या हाडातूनच उठत असेल तर एम५४.५१, आणि बाकीच्यांसाठी एम५४.५९. त्याच दिवशी खोकल्याचा आर०५ही फुटला. जुन्या कोडपुढे एक शून्य लावून मोकळं व्हायचं, असा सगळ्यांचा कल होता. तुम्ही थांबवलंत. मार्कर घेऊन बोर्डावर मणक्याचं चित्र काढलंत, हाडाच्या आत शिरणारी बेसिव्हर्टिब्रल नस दाखवलीत आणि म्हणालात, "या दुखण्याला आजवर स्वतःचा कोडच नव्हता. आता जानेवारीत सीपीटीकडे लक्ष ठेवा." १ जानेवारी २०२२ला ६४६२८ आणि ६४६२९ आले, ती नस उष्णतेने निकामी करण्याच्या उपचाराचे. ऑक्टोबरच्या यादीचा आणि जानेवारीच्या यादीचा एकमेकींशी संबंध असतो, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं. तेव्हापासून मला या याद्यांचं ओझं वाटत नाही. वैद्यकशास्त्र कुठे पुढे सरकलंय, ते मी त्यांत शोधते. मॅडम, ही दृष्टी मला कुठल्याही सर्टिफिकेटने दिली नसती.

तारखेचा नियमही तुमच्याइतका स्वच्छ कोणी शिकवला नाही. पेशंट २८ सप्टेंबरला ॲडमिट झाला आणि २ ऑक्टोबरला घरी गेला. हॉस्पिटलच्या बिलाला डिस्चार्जची तारीख धरायची, म्हणजे कोड नवे. पण त्याच पेशंटला डॉक्टरने ३० सप्टेंबरला तपासलं, तर डॉक्टरच्या बिलाला त्या दिवशीचे जुने कोड. पेशंट तोच, खाट तीच, तरी दोन वर्षांची दोन पुस्तकं उघडावी लागतात. तुम्ही हे इतक्या वेगवेगळ्या तारखा घालून सोडवून घेतलंत, की मी आजही चार्ट उघडल्यावर निदानाआधी तारीख बघते.

मार्च २०२०बद्दल वेगळं लिहायलाच हवं. ऑफिसचे डेस्कटॉप टेम्पोतून घरोघरी पोचत होते, नेट मधूनच जात होतं, आणि नव्या साथीला कोडच नव्हता. सुरुवातीला इतर कोरोनाव्हायरससाठीचा बी९७.२९ लावून काम भागवायचं होतं. कोविडचा स्वतःचा यू०७.१ खरं तर ऑक्टोबरला येणार होता, तो अलीकडे ओढून १ एप्रिलला लागू झाला. ॲडमिट पेशंटच्या चार्टमध्ये 'प्रॉबेबल' असं निदान डिस्चार्जच्या वेळीही कायम असेल, तर ते झालंच आहे असं धरून कोड करायचा, हा आमचा नेहमीचा नियम. कोविडला तो लागू नव्हता, निदान पक्कंच असावं लागायचं. तुम्ही रोज शिफ्टआधी फोनवर सगळ्यांना जोडून घ्यायचात आणि गाईडलाइनची एकेक ओळ मराठीत समजावायचात. माझ्यासारख्या मराठी माध्यमातून आलेल्यांसाठी तो मोठा आधार होता. "हेच तुझ्या आईला सांगायचं असतं तर कसं सांगितलं असतंस?" असं विचारून तुम्ही माझ्याकडून उत्तर काढून घ्यायचात. घरात भीती होती, माझे वडील तापाने पडून होते, आणि दिवसातला तो अर्धा तास मला धीर देऊन जायचा. हे तुम्हाला तेव्हा सांगायचं राहिलं.

इतर बदलांबद्दल किती लिहू? २०२१ला नव्या पेशंटच्या ओपीडी व्हिजिटचा ९९२०१ गेला आणि ओपीडी व्हिजिटची लेव्हल डॉक्टरने घेतलेल्या निर्णयावर किंवा दिलेल्या वेळेवर ठरू लागली. २०२३ला ऑब्झर्वेशनचे, म्हणजे ॲडमिट न करता देखरेखीखाली ठेवलेल्या पेशंटचे, वेगळे कोड जाऊन ते इनपेशंटच्या, म्हणजे ॲडमिट पेशंटच्या, कोडमध्ये मिसळले. २०२५ला फोनवरच्या सल्ल्याचे ९९४४१ ते ९९४४३ बंद झाले, टेलिमेडिसिनचे ९८००० ते ९८०१६ आले, आणि मेडिकेअरने त्यांतला फक्त ९८०१६ स्वीकारला. अशा वेळी सीपीटीचं पुस्तक एक सांगतं आणि पैसे देणारा दुसरंच. म्हणून तुमचा दंडक असे, की पुस्तकानंतर पेअरची, म्हणजे पैसे देणाऱ्या विमा कंपनीची, पॉलिसी वाचल्याशिवाय क्लेम सोडायचा नाही. मला तो दंडक आजही योग्य वाटतो. प्रॉडक्शनचं टार्गेट चुकेल म्हणून वरून दबाव असायचा. तो तुम्ही आमच्यापर्यंत येऊ दिला नाहीत, त्याची किंमत तुम्हीच मोजलीत, आणि आम्हाला हे फार उशिरा कळलं.

कारण तुमच्या डोळ्यांसमोर कायम पेशंट असे. चुकीच्या कोडने क्लेम परत आला की दवाखान्याचे पैसे अडकतातच. पण कधी कधी त्या गोंधळाचं पत्र एकट्या राहणाऱ्या आजीबाईंच्या घरी जातं, आणि विमा असूनही आपल्याला पैसे का भरायला सांगतायत, हे त्यांना उमगत नाही. आम्ही त्यांना कधी भेटणार नाही. तरी तुम्ही प्रत्येक चार्ट घरातल्या माणसाचा असल्यासारखा वाचायला लावलात.

आता नव्या बॅचला ऑक्टोबरचे बदल मी शिकवते. २०२४मध्ये कमरेच्या चकतीच्या झिजेचा एम५१.३६ फुटला, तो समजावताना मीही बोर्डावर मणका काढते. मुलं अडेंडा वाचतात, अडतात, विचारतात. त्यांना तुमच्याविषयी सांगितलंय आणि त्यांना तुम्हाला भेटायचं आहे. जानेवारीच्या सीपीटीसाठी डिसेंबरमधला एक शनिवार मोकळा ठेवला आहे. तुम्हाला प्रवास जमणार नसेल तर व्हिडिओवर या, पण या. वेळ तुम्ही सांगाल ती.

मनापासून आभार, मॅडम. तब्येतीला जपा, घरच्या सर्वांना नमस्कार.

तुमची विद्यार्थिनी