पिशवीचं तोंड मोजून घे

प्रिय शमे,

फोनवर तू म्हणालीस, "चौथा लागलाय," आणि मला बोलायलाच सुचेना. आनंद झालाच गं, पण पाठोपाठ तुझ्या पहिल्या वेळचा सातवा महिना आठवला, काचेच्या पेटीतलं ते एवढंसं बाळ आठवलं. शेजारी सासूबाई होत्या तुझ्या, म्हणून तेव्हा बोलले नाही.

माझं तेविसाव्या आठवड्यात गेलं, तेव्हा जो तो म्हणाला, बादली उचललीस म्हणून झालं. दोन वर्षं ती बादली माझ्या मनातून गेली नाही. आधीच्या सोनोग्राफीत बाळाचं सगळं पाहिलं होतं, पण गर्भपिशवीच्या तोंडाची लांबी रिपोर्टात कुठेच नव्हती. याचा राग मला अजून येतो.

दुसऱ्या वेळी सोळाव्या आठवड्यापासून दर पंधरा दिवसांनी मोजलं. पहिल्या दिवशी मी नेहमीसारखी तांब्याभर पाणी पिऊन, पाय आवळून बसलेली. डॉक्टरबाई म्हणाल्या, "आधी लघवीला जाऊन या." मूत्राशय भरलेलं असलं की पिशवीचं तोंड दाबलं जातं आणि आहे त्याहून लांब दिसतं. पोटावरून पाहिलं तर माप फसतं, म्हणून आतून बघतात. दुखत नाही, अवघडल्यासारखं होतं इतकंच. आतल्या टोकापासून बाहेरच्या टोकापर्यंत पडद्यावर दोन फुल्या ठेवून अंतर घेतात. तेही तीनदा, आणि सगळ्यांत कमी भरेल ते धरतात. घाई करायची नसते, कारण बघता बघता ते कमी-जास्त होतं.

सोळाव्याला 34 मिलिमीटर, अठराव्याला 31. विसाव्याला बाई बराच वेळ गप्प राहिल्या. 21! आतलं तोंड नरसाळ्यासारखं उघडायला लागलं होतं, आणि मला साधी कळसुद्धा आली नव्हती. शमे, एवढ्यासाठीच हे पत्र. काही दुखत-खुपत नसताना ते आखूड होत जातं, आणि मग बाळ वेळेआधी येण्याची भीती वाढते.

आधीचं बाळ लवकर झालेलं असेल आणि चोविसाव्या आठवड्याच्या आत माप 25 च्या खाली आलं, तर ते तोंड आवळून ठेवणाऱ्या टाक्याचा विचार करतात. मला टाका घातला, रात्री आत ठेवायला प्रोजेस्टेरॉनच्या, म्हणजे गर्भ टिकवणाऱ्या संप्रेरकाच्या गोळ्याही दिल्या. हा टाका मूळ मुंबईच्या डॉ. शिरोडकरांचा, आपल्या गोव्याचे ते. मांडीच्या स्नायूंवरच्या चिवट आवरणाची पट्टी काढून त्यांनी पिशवीचं तोंड आवळलं आणि 1955 साली ते छापून मांडलं. माझा टाका नंतर निघालेल्या सोप्या पद्धतीचा होता, पण वाट त्यांनीच दाखवलेली.

आखूड निघालं तरी हातपाय गाळू नकोस. 2007 साली आलेल्या एका मोठ्या अभ्यासात 15 मिलिमीटर किंवा त्याहून कमी माप असलेल्या बायका होत्या. औषध नसलेली गोळी मिळालेल्या शंभरातल्या 34 जणी चौतिसाव्या आठवड्याआधी बाळंत झाल्या, प्रोजेस्टेरॉन मिळालेल्या 19. म्हणजे औषध नसतानाही निम्म्याहून जास्त जणी पुढे गेल्या. आणि कुणी नुसतं पलंगावर पडून राहायला सांगितलं, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ऐकू नकोस. त्याने बाळंतपण लांबतं असं दिसलेलं नाही.

सदतिसाव्या आठवड्यात माझा टाका काढला. पुढच्या रविवारी लेक झाली, रडली ती अख्खा मजला जागा करून.

सोळावा आठवडा कधी लागतो ते लगेच कळव. रजा टाकून येते, आपण दोघी जाऊ. पाणी पिऊन बसू नकोस.

तुझीच,
माई