सतरा सप्टेंबरच्या निबंधाबद्दल

धाराशिव

चि. ताईस,
अनेक आशीर्वाद.

मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनावरच्या तुझ्या निबंधाचा कच्चा मसुदा वाचला. विरोधी सूर लावलास, त्याला माझी हरकत नाही. पण नुसता सूर आहे, हिशेब नाही. सत्तेच्या विरोधात बोलणाऱ्याचा एक आकडा चुकला की त्याचं बाकीचं कुणी वाचत नाही. सरकारचे दहा चुकले तरी खपून जातात.

आधी शब्द धर. आपल्याकडं लहानथोर सगळे ‘पोलीस अ‍ॅक्शन’ म्हणतात. 13 सप्टेंबर 1948 ला निजामाचं हैदराबाद संस्थान घ्यायला सोलापूरच्या वाटेनं नळदुर्गावर आली ती भारताची फौज होती. रणगाडे होते, तोफा होत्या, वर विमानं होती. बोरी नदीचा पूल शाबूत हाती लागला म्हणून पुढची वाट मोकळी झाली. लष्करी कागदात नाव ‘ऑपरेशन पोलो’. मग पोलीस आले कुठून? हैदराबादनं ऑगस्टमध्येच सुरक्षा परिषदेत तक्रार नेली होती. युद्ध म्हटलं की दोन राज्यं आली आणि मध्ये पडायला तिसरे आले. पोलीस म्हटलं की घरातली बाब. गंमत बघ, 1947 च्या जुलैत डचांनी इंडोनेशियावर फौज घातली आणि तिलाही पोलीस कारवाईच म्हटलं. तेव्हा ते प्रकरण सुरक्षा परिषदेत नेणाऱ्यांत भारत होता. हे दोन्ही प्रसंग निबंधात शेजारी-शेजारी ठेव. मात्र ते सारखेच आहेत असं लिहू नकोस. डच समुद्रापलीकडून आले होते. हैदराबाद चारी बाजूंनी भारतात होतं आणि बहुसंख्य रयतेला निजाम नको होता. शब्द तेवढा एकाच टाकसाळीतला.

फौज लागतेच असंही नाही. तुझ्या आजोळच्या याच नळदुर्गाचा मुलूख 1853 मध्ये कंपनीनं एक गोळी न झाडता घेतला. कंटिंजंट नावाची फौज इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकमात आणि पगार निजामाच्या माथी. पगार थकला, त्याचं कर्ज झालं, कर्जापोटी वऱ्हाड, रायचूर दुआब आणि धाराशिवकडचा भाग लिहून घेतला. 1860 मध्ये शेवटचे दोन परत केले. वऱ्हाड ठेवलं, तिथं कापूस होता. निबंधात याला चार ओळींपेक्षा जास्त देऊ नकोस.

खरी मेहनत पुढच्या भागावर घे. 17 सप्टेंबरला निजामानं शस्त्रं ठेवली, त्यानंतरचे आठवडे. पंडित सुंदरलाल यांची समिती 29 नोव्हेंबर ते 21 डिसेंबर 1948 संस्थानात फिरली. हे सुंदरलाल निजामाचे कुणी नव्हते, इंग्रजी राज्यावरचं त्यांचं पुस्तक 1929 मध्ये सरकारनं जप्त केलं होतं. सोबत काझी अब्दुल गफ्फार आणि मौलाना अब्दुल्ला मिस्री. 16 पैकी 9 जिल्हे पाहिले, 109 गावांतल्या 500 माणसांशी बोलले. अंदाज असा की कारवाईत आणि नंतर कमीत कमी 27 ते 40 हजार माणसं मेली, बहुतेक मुसलमान. उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर, नांदेड या चार जिल्ह्यांतच 18 हजारांच्या आसपास. म्हणजे आपला जिल्हा त्यात आहे. शेजारच्या हिंदूंनी मुसलमानांना लपवून वाचवल्याच्याही नोंदी त्यात आहेत, त्या गाळू नकोस. पटेलांना हा अहवाल पटला नाही आणि तो कित्येक दशकं छापलाच गेला नाही.

तू मसुद्यात ‘चाळीस हजारांची कत्तल सिद्ध झाली’ असं लिहिलंयस. ते खोड. तो अंदाज आहे, मोजणी नाही. सात जिल्हे पाहिलेलेच नाहीत, त्यामुळं आकडा खाली सरकेल तसा वरही सरकेल. आणि रझाकारी, म्हणजे निजामाच्या बाजूच्या सशस्त्र स्वयंसेवकांचा जुलूम, एका वाक्यात उरकलीस, तेही चालायचं नाही. गावं जाळली, लुटली, माणसं परागंदा झाली. विलीनीकरणाची बाजू मांडणारे उर्दू पत्रकार शोएबुल्ला खान यांना ऑगस्ट 1948 मध्ये ठार केलं, लिहिता हात तोडला. मुसलमान म्हणजे रझाकार हे समीकरण तिथंच मोडतं. खरं तर निबंधाची सुरुवात त्यांच्यापासून कर.

गावात विचारायला जाशील तेव्हाचं सांगते. ज्याला स्वतःचं आठवतंय असं माणूस आता पंच्याऐंशीच्या पुढचं. तारीख विचारू नकोस, सगळे ‘पोलीस अ‍ॅक्शनात’ म्हणतात आणि त्यात अख्खं वर्ष कोंबतात. सण विचार. त्या साली सप्टेंबरच्या सुरुवातीला पोळा झाला, फौज आली तेव्हा गणपती बसलेले होते आणि शरणागतीच्या पाठोपाठ पितृपंधरवडा लागला. ‘गणपतीच्या आधी का पितरात?’ एवढ्या प्रश्नानं रझाकारी कुठली आणि नंतरचं कुठलं हे बहुतेक वेगळं होतं. मुसलमान घरात रमजान ईद होऊन गेली होती, बकरी ईद ऑक्टोबरात यायची होती, तिथं तो दोर धर.

वहीत तीन रकाने पाड: डोळ्यांनी पाहिलं, घरात ऐकलं, गावात म्हणतात. तिसरा रकाना सगळ्यात लांब होईल आणि तोच सगळ्यात गोड वाटेल. ‘रझाकारांनी काय केलं?’ असं विचारलंस तर सतरा सप्टेंबरचं भाषण ऐकायला मिळेल. त्यापेक्षा ‘त्या दिवशी चूल पेटली होती का, रात्री कुठं निजलात?’ असं विचार. पाराजवळ चारचौघांत विचारू नकोस, एक बोलला की बाकीचे माना हलवतात. मारणाऱ्याचं आडनाव कुणी सांगितलं तर वहीत घालू नकोस. त्याची नातवंडं त्याच गल्लीत राहतात.

पैशाचा आकडा आला तर हाली (निजामाचा रुपया) का कलदार (इंग्रजी रुपया) ते लिही. सात हाली म्हणजे सहा कलदार. यावरून आठवलं, शेवटच्या पानावर हे घाल: निजाम 26 जानेवारी 1950 पासून 1956 पर्यंत राजप्रमुख राहिले, तनखा वर्षाला 50 लाख हाली. रझाकारांचा म्होरक्या, लातुरात वकिली केलेला कासिम रझवी 1957 मध्ये तुरुंगातून सुटून पाकिस्तानात गेला. निजामाचे पंतप्रधान लायक अली तर 1950 मध्येच निसटले होते. पितरात मेलेल्यांची नावं कुठल्या गॅझेटात आहेत, ते शोधून बघ. याच्यावर शेरा मारू नकोस, नुसतं मांड.

जुने कागद फसली सालात, म्हणजे निजामाच्या दफ्तरी कालगणनेत असतील. फसली वर्ष ऑक्टोबरात सुरू होतं: इसवी सन काढायला डिसेंबरपर्यंतच्या तारखेला फसली सालात 590 मिळव, जानेवारीपासून पुढं 591. आपल्या कामाचा महिना आबान 1357, म्हणजे सप्टेंबर 1948 चा. इथं पुष्कळ जण एका वर्षानं घसरतात, कारण महिना न बघता सरसकट 590 मिळवतात. भारताचं राज्य आल्यावरही फसली लगेच गेली नाही. जहागिऱ्या 1949 च्या ऑगस्टात रद्द झाल्या, त्या कायद्याच्या नावातही 1358 फसलीच आहे.

मोडी असेल ते मला पाठव. फोटो उजेडात काढ, कागद सपाट ठेवून, आणि मागची बाजूही काढ. शेरे मागंच असतात.

तुझी,
आई