अपघातानंतरचे पहिले तीन-चार दिवस

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या पेपरात जवळपास रोजच अपघाताची बातमी असते, कधी समृद्धीवरची, कधी बुटीबोरीची, कधी कोंढाळीकडची, आणि शेवटी ठरलेलं असतं, जखमींना नागपूरला मेडिकल कॉलेजमध्ये किंवा एम्सला हलवलं, प्रकृती धोक्याबाहेर. मग तो माणूस पेपरातून गायब. मी नागपुरातच ट्रॉमा आयसीयूत सिस्टर आहे, बरीच वर्षं झाली, आणि आमच्याकडचे सगळ्यात कठीण दिवस त्या बातमीच्या नंतरचे असतात. घरच्यांना हे कोणीच सांगितलेलं नसतं म्हणून हे पत्र लिहिते आहे.

एक उदाहरण सांगते. विशीतला मुलगा, बाईक ट्रकला धडकली, मांडीचं हाड मोडलं, दोन-तीन बरगड्या गेल्या, डोक्याचा सीटी नॉर्मल. आला तेव्हा बोलत होता, आईशी व्हिडिओ कॉल केला, पाणी मागितलं, घरचे म्हणाले देवाची कृपा, फक्त पायावरच निभावलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो असंबद्ध बोलायला लागला, नळ्या ओढायला लागला, श्वास जोरात, सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातला ऑक्सिजन, ऐंशीच्या घरात आलं, शर्ट बाजूला केला तर छातीवर आणि काखेत बारीक लाल ठिपके. फॅट एम्बोलिझम. मोठं हाड मोडलं की त्यातली चरबी रक्तात मिसळते आणि फुफ्फुसात, मेंदूत जाऊन अडकते, आणि हे बहुतेक वेळा २४ ते ७२ तासांत दिसतं, म्हणजे नेमकं घरचे निवांत झालेले असतात तेव्हा. त्याच्यावर असं एखादं खास औषध नाही, ऑक्सिजन, लागलं तर व्हेंटिलेटर, आणि चोवीस तास नजर. तो मुलगा वाचला, चालत घरी गेला. पण त्या रात्री बाहेर त्याचे काका ओरडत होते की चांगल्या बोलत्या पोराला तुम्हीच काहीतरी दिलं. मला त्यांचा राग नाही आला, त्यांना कोणी काही सांगितलंच नव्हतं.

दुसरं, रक्त. बाहेर रक्त दिसत नाही म्हणजे रक्त गेलंच नाही असं लोकांना वाटतं. मोठ्या माणसाच्या अंगात रक्त असतं ५ लिटरच्या आसपास, आणि एकट्या मांडीच्या फ्रॅक्चरमध्ये लिटर-दीड लिटर आतल्या आत जाऊ शकतं, कमरेचं हाड म्हणजे पेल्व्हिस फुटलं तर त्याहूनही जास्त. रक्त गेलं की अंग थंड पडतं, थंड अंगात रक्त नीट गोठत नाही, पेशींना ऑक्सिजन मिळत नाही म्हणून रक्तात आम्ल वाढतं, आम्ल वाढलं की गोठणं आणखी बिघडतं आणि परत रक्त जातं. हे चक्र एकदा फिरायला लागलं की तोडणं फार अवघड. मे महिन्यात नागपूरचं ऊन ४५ डिग्री असतं आणि आम्ही पेशंटला ब्लँकेट गुंडाळून गरम केलेलं सलाईन देत असतो, नातेवाईक विचारतात, "सिस्टर, एवढ्या उन्हाचं ब्लँकेट काहून घालून राहिले जी?" कारण आत त्याचं तापमान ३५ च्या खाली गेलेलं असतं.

आणि म्हणूनच ऑपरेशन कधीकधी थांबवतात. यावरून आमच्याकडे सगळ्यात जास्त भांडणं होतात, "ऑपरेशन काहून करून नाही राहिले, पैशासाठी ठेवलं का?" पेशंट सावरलेला असेल तर मांडीचं हाड लवकर बसवलेलं चांगलंच, त्याने फुफ्फुसाचा त्रासही कमी होतो. पण बीपी पडलेलं, अंग थंड, लघवी कमी, अशा माणसावर तीन-चार तासांचं मोठं ऑपरेशन म्हणजे दुसरा अपघातच. त्यामुळे डॉक्टर आधी रक्तस्राव थांबवतात, त्यात मात्र एक मिनिटही थांबत नाहीत, पायाला बाहेरून रॉड लावून ठेवतात, आयसीयूत आणतात, आणि तब्येत सावरली की पक्कं ऑपरेशन करतात. ही पद्धत जगभर आहे, नागपूरने शोधलेली नाही.

पाय खूप चेपला असेल तर अजून एक भानगड. स्नायूंवर सूज येऊन आतला दाब वाढतो, रक्त पुरत नाही आणि काही तासांतच स्नायू मरायला लागतात. पेनकिलर देऊनही दुखणं वाढतच असेल, पायाची बोटं नुसती हलवली तरी पेशंट किंचाळत असेल तर सकाळच्या राउंडची वाट बघू नका, रात्री दोन वाजता का असेना, आम्हाला उठवा. लघवी काळ्या चहासारखी दिसली तरी लगेच सांगा, मेलेल्या स्नायूंमधलं द्रव्य किडनीत अडकत असतं. घरच्या माणसाचं लक्ष इथे खरंच कामाला येतं, आम्ही एक सिस्टर किती बेड बघणार.

पेशंटला या दवाखान्यातून त्या दवाखान्यात फिरवणं, याचं मला फार वाईट वाटतं. एका तालुक्याच्या गावाहून आलेला पेशंट मला आठवतो, मध्ये दोन खाजगी दवाखाने करून आला, दोन्हीकडे फाईल बनली, एक्स-रे निघाले, पण मोडलेल्या पायाला साधा स्प्लिंट, म्हणजे आधाराची पट्टी, कोणी लावला नव्हता, पूर्ण रस्ताभर पाय गाडीत हलत होता. रक्तस्राव कमी करणारं ट्रॅनेक्झॅमिक ॲसिडचं इंजेक्शन स्वस्त आहे, ४० देशांतल्या २० हजारांवर पेशंटवर त्याचा अभ्यास झाला, २०१० मध्ये छापून आला, पण ते पहिल्या ३ तासांतच द्यावं लागतं, उशिरा दिलं तर उलट नुकसान होऊ शकतं. ते ३ तास आपल्याकडे काउंटरवर जातात.

पैशाची भीती असते हे मी रोज बघते. पण मे २०२५ पासून केंद्राची कॅशलेस योजना आहे, रस्ता अपघातातल्या जखमीला नेमून दिलेल्या दवाखान्यात दीड लाखापर्यंत, ७ दिवस. हे धोक्याचे दिवस त्या सातातच येतात. आणि उचलून आणणाऱ्याला पोलीस त्रास देतील म्हणून लोक लांबून बघत राहतात, तर मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने मदत करणाऱ्याला संरक्षण दिलेलं आहे, नावही सांगायची सक्ती नाही. गाडीत कोंबून आणण्यापेक्षा १०८ ला फोन करा आणि पाय, मान हलणार नाही एवढं बघा.

संपादक साहेब, तुम्हाला माझी एकच विनंती आहे. तुमच्या रिपोर्टरला अपघाताच्या चौथ्या दिवशी परत वॉर्डात पाठवा. पेशंट कसा आहे, मधल्या रात्रीत काय झालं, घरच्यांना कोणी काय समजावलं, हे ड्युटीवरच्या डॉक्टरांना विचारून छापा, नाव न देता छापा. आणि दवाखान्यांनाही विचारा, पहिल्या चोवीस तासांत नातेवाईकांना बसवून हे सगळं समजावून सांगायला त्यांच्याकडे माणूस आहे का. आमच्या आयसीयूच्या दारात आज तरी नाही.

आपली,
ट्रॉमा आयसीयूतली एक सिस्टर, नागपूर