माळ्यावरच्या बिस्किटांच्या डब्याबद्दल आभार

इंदूर

आदरणीय अण्णा,
सादर नमस्कार.

रामबागेतल्या आमच्या वाड्याचा माळा रिकामा करताना बिस्किटांच्या एका पत्र्याच्या डब्यात पुठ्ठ्याच्या चौदा नळ्या सापडल्या आणि त्या घेऊन मी आपल्या दारी आले, त्याला आता वर्ष होत आले आहे. त्या दिवशी आपण माझे जे काम केले त्याबद्दल मी तोंडी आभार मानले होते, परंतु तेव्हा मी थोडी रागावलेलीही होते. म्हणून हे पत्र चारचौघांसमोर लिहीत आहे.

आमचे मोठे काका शिकायला अमेरिकेतल्या कोलोरॅडोत होते आणि १९६६ साली बोटीने परतले, एवढेच आम्हां पुतण्यांना ठाऊक होते. ते तिथे सुट्टीच्या दिवशी रॉकेटची मॉडेल्स उडवत असत, हे त्यांनी कधी कोणाला सांगितले नाही. डब्यातल्या नळ्या म्हणजे त्या मॉडेल्सच्या, बंदुकीची दारू भरलेल्या मोटरी होत्या. त्यांच्या वर्षश्राद्धानंतर बायपासपलीकडच्या एखाद्या मोकळ्या शेतात त्यांतली एक मोटर उदबत्तीने पेटवावी, असे माझ्या मनात होते. आपण नळी हातात घेतली, खिडकीपाशी नेऊन तिच्यावरची अक्षरे वाचली आणि म्हणालात, "हिला आधी सावलीत ठेव."

अक्षरे होती 'बी .८-४'. आपण समजावलेत की अक्षर हे मोटरच्या एकूण आवेगाचे, म्हणजे जोर आणि तो टिकण्याचा वेळ यांच्या गुणाकाराचे असते, आजच्या मापात ए म्हणजे २.५ न्यूटन-सेकंदांपर्यंत, बी म्हणजे ५ पर्यंत, सी म्हणजे १० पर्यंत, असे ते दर अक्षराला दुप्पट होत जाते. मधला आकडा सरासरी जोराचा आणि शेवटचा आकडा, इंधन संपल्यावर पॅराशूट बाहेर फेकले जाईपर्यंत किती सेकंद जातात त्याचा. आजच्या मोटरीवर 'बी ६-४' असे लिहितात, कारण जोर न्यूटनमध्ये मोजतात. काकांच्या मोटरीवरचे '.८' मात्र पौंडातले होते आणि ती पद्धत साठच्या दशकाच्या उत्तरार्धात गेली. त्या टिंबावरून या मोटरी काकांच्या तिथल्या मुक्कामातल्याच, हे आपण एका मिनिटात सांगितलेत. घरातल्या कोणत्याही पत्रातून जे कळले नाही ते एका टिंबाने कळले.

त्यानंतर चहाबरोबर आपण ज्या गोष्टी सांगितल्या, त्या मी रात्री वहीत उतरवून ठेवल्या. नेब्रास्कातल्या नॉरफोक गावी ऑर्व्हिल कार्लाइल नावाच्या जोड्यांच्या दुकानदाराने १९५४ साली पुठ्ठ्याचे, पॅराशूटने परत येणारे आणि मोटर बदलून पुन्हा उडवता येणारे रॉकेट तयार केले. रॉकेटांवर काम करणारे इंजिनियर जी. हॅरी स्टाइन यांनी त्याचे महत्त्व ओळखले आणि डेन्व्हरमध्ये कंपनी काढली. मोटरी पुरेशा मिळेनात, तेव्हा शोभेच्या दारूच्या धंद्यातल्या घरातल्या व्हर्नन एस्टेस यांनी 'मेबल' नावाचे यंत्र बांधले, जे साधारण साडेपाच सेकंदांना एक मोटर भरत असे. १९६१ मध्ये एस्टेस यांचा कारखाना कोलोरॅडोतल्याच पेनरोझला गेला. काकांची खरेदी तिथलीच असावी, हा आपला तर्क मला पटतो.

आपण स्वतः तीस वर्षे तिकडे राहून जुन्या मोटरींचा संग्रह केलात, हे मला तोपर्यंत माहीत नव्हते. मोहल्ल्यात आपण केवळ निवृत्त इंजिनियर. संग्रह करणारे या वस्तू कशासाठी जमवतात, असे मी जरा उद्धटपणेच विचारले होते. आपण 'बी १४'चे उदाहरण दिलेत. नेहमीच्या मोटरीतले इंधन उदबत्तीसारखे एका टोकाकडून जळत जाते, तर हिच्यात मधोमध पोकळी असल्याने ते एकदम अधिक पृष्ठभागावर पेटते आणि सुरुवातीचा झटका मोठा बसतो, म्हणून त्या काळची जड मॉडेल्स उचलायला तीच लागे. बनणे बंद झाल्यावर शौकीन तिला जपून ठेवू लागले. तिकडच्या रॉकेट क्लबच्या मैदानावर मात्र मान्यता चालू असलेलीच मोटर उडवायची असा दंडक असल्याने, जुन्या मोटरी आपण जमिनीत रोवलेल्या लोखंडी चौकटीत बांधून, पंधरा फुटांहून बऱ्याच दूर उभे राहून, विजेच्या तारेने पेटवून पाहात होता.

आणि इथेच माझा हट्ट मोडला. तळघरात राहिलेल्या पन्नाशीच्या मोटरीही निमूट जळाल्या, पण गॅरेजात पडून असलेल्यांपैकी दोन फुटल्या, असे आपण सांगितलेत. वय हा मुख्य दोष नाही, ऊन-थंडीचे हेलकावे हा आहे. आत दाबून बसवलेली बंदुकीची दारू आणि बाहेरचा पुठ्ठा सारख्या मापाने फुगत-आकसत नाहीत, त्यामुळे दोहोंमध्ये केसाएवढी फट पडते. मग आग टोकावरून सरळ पुढे न जाता बाजूने धावते, एकाच वेळी फार मोठा भाग पेटतो, मातीच्या नॉझलमधून, म्हणजे नळीच्या अरुंद तोंडातून, तेवढा वायू निघत नाही आणि नळी फाटते. आमच्या माळ्यावर पत्रे आहेत. इंदुरात मे महिन्यात बाहेरच ४२-४३ अंश असते, जानेवारीच्या पहाटे ८-९, आणि पत्र्याखाली काय होत असेल ते निराळे. अशी सहा दशके काढलेल्या मोटरीला मी उदबत्ती लावणार होते, म्हणजे हातभर अंतरावर बसून!

पुढची कामे आपण इतक्या शांतपणे केलीत की मला ती कामे वाटलीच नाहीत. दारू भरलेली वस्तू घरात ठेवणे कायद्यानेही अडचणीचे, म्हणून आपण माझ्याबरोबर पोलीस ठाण्यात येऊन सर्व हकीकत सांगितलीत. सराफ्यातून ओळखीच्याकडून काटा आणून प्रत्येक मोटर तोललीत, प्रत्येकीचा फोटो आणि वरची अक्षरे नोंदवलीत. चार नळ्या काकांनी उडवलेल्या, म्हणजे रिकाम्या निघाल्या. उरलेल्या दहा बादलीभर पाण्यात बुडवून ठेवल्या. दुसऱ्या दिवशी पुठ्ठ्याचे थर सुटे होऊन तरंगत होते आणि पाणी काजळासारखे झाले होते. बी गटाच्या एका मोटरीत दारू जेमतेम सहा ग्रॅम, आणि तिच्यात तीन चतुर्थांश सोरा. तो तर खतच, असे म्हणून आपण ते काळे पाणी आणखी पातळ करून खताच्या खड्ड्यात ओतलेत. माझे डोळे तेव्हा भरले होते आणि आपण मुद्दाम जास्वंदीच्या कळ्या मोजत बसला होता, हे माझ्या लक्षात आले होते.

बादलीच्या तळाशी राहिलेली मातीची दहा नॉझल मी वाळवून त्याच डब्यात ठेवली आहेत. बहिणींना आणि चुलत भावांना आपली नोंदवही दाखवली, तेव्हा धाकट्या काकूंना एकदम आठवले की मोठे काका दिवाळीत बाण कधीच उडवू देत नसत, "याला परत यायची अक्कल नाही" असे म्हणत. त्या वाक्याचा अर्थ आम्हांला साठ वर्षांनी लागला.

एक विनंती आहे. चार रिकाम्या नळ्यांपैकी एकीवर 'बी .८-६' असे आहे. तोलताना आपण ती इतरांपेक्षा जरा जास्त वेळ हातात धरली होती आणि आपल्या संग्रहात ती नाही, हे आपल्या वहिनींनी मला नंतर सांगितले. आपण होऊन आपण ती मागणार नाही. ती आत जळून काळी झालेली आहे, नॉझलची कड थोडी तुटली आहे आणि कायद्याला तिच्याबद्दल काही म्हणायचे नाही. येत्या रविवारी सकाळी ती घेऊन येते. कृपया नाही म्हणू नये.

आपली नम्र,
रामबागेतल्या वाड्यातली पुतणी