काना पाहून जोर देऊ नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

युरोपात शिकायला जाणाऱ्यांसाठी आपल्या पुरवणीत इटालियन क्रियापदांचा तक्ता आला होता. अर्थ बरोबर आहेत. उच्चाराचा मात्र घोटाळा होणार आहे.

‘पार्लारे’ म्हणजे बोलणे, ‘पार्लानो’ म्हणजे ते बोलतात. छापील रूपात दोन्ही एकाच वजनाची दिसतात. प्रत्यक्षात पहिल्यात आघात ‘ला’वर, दुसऱ्यात ‘पार्’वर. आपला ‘अ’ इटालियनला चालत नाही, म्हणून सगळीकडे काना द्यावा लागतो. काना दिसला की मराठी वाचक ते अक्षर लांबवणारच. ‘पार्लाऽनो’ ही नवशिक्यांची हमखास चूक तिथूनच येते.

वर्तमानकाळात ‘तो’च्या रूपातला आघात ‘ते’च्या रूपातही जागा सोडत नाही. ‘आबिता’ (राहतो), ‘आबितानो’ (राहतात): जोर ‘आ’वरच, म्हणजे शेवटून चौथ्या अक्षरावर. ‘आम्ही-तुम्ही’त तो पुढे सरकतो: पार्ल्यामो, पार्लाते. यातले ‘ल्या’ एकच अक्षर आहे. ‘पार्लिआमो’ लिहिले की तीनाची चार अक्षरे होतात. ‘एरे’ने संपणाऱ्या क्रियापदांना मात्र सरसकट नियम नाही. ‘वेदेरे’त (पाहणे) जोर ‘दे’वर, ‘लेज्जेरे’त (वाचणे) ‘ले’वर. पाठच करावे लागते.

मराठीत आघात चुकला तर बोलणे कानाला खटकते, अर्थ सहसा बदलत नाही. तिकडे ‘पार्लो’ म्हणजे मी बोलतो. शेवटच्या अक्षरावर जोर दिला की ‘तो बोलला’. तो ‘लो’ लांबवायचाही नाही, ठासून तोडायचा.

जोडाक्षर आपण ले-ज्जे-रे असे मांडतो, इटालियन लेज्-जे-रे असे तोडतात. ‘पुस्तक’मधला ‘पु’ गुरू का, हे ज्याला कळते त्याला हे अवघड नाही. ‘कापिस्को’ (मला समजते) मात्र ओळ तोडताना का-पि-स्को असेच. ‘स’ पुढच्या व्यंजनाबरोबर जातो.

द्वित्ताच्या (एकच व्यंजन दुहेरी उच्चारण्याच्या) बाबतीत बेळगाव, खानापूर, निपाणीची मुले नशीबवान. कन्नडमधले ‘बळि’ (जवळ) आणि ‘बळ्ळि’ (वेल) ज्याच्या कानात वेगळे आहेत, तो ‘कादे’ (पडतो) आणि ‘काद्दे’ (पडला) यांत गोंधळणार नाही.

तक्ता पुन्हा छापाल तेव्हा अक्षरे आडव्या रेघेने तोडून आघाताचे अक्षर ठळक करावे. आणि ‘पार्ली’ नको, ‘पार्लि’ (तू बोलतोस) छापा. शेवटची इ-उ दीर्घ हा नियम आपल्या शुद्धलेखनाचा आहे, त्यांच्या नव्हे.

– एक वाचक, टिळकवाडी, बेळगाव