पावसातल्या दोन नोंदी

माननीय संपादक,
२९ जून हा सांख्यिकीतज्ज्ञ प्रशांतचंद्र महालनोबिस यांचा जन्मदिवस, म्हणजेच सांख्यिकी दिवस; त्यानिमित्त हे पत्र. मी पुण्यात सांख्यिकीत पीएचडी करते, बीएस्सीची प्रात्यक्षिकं घेते आणि मुलांच्या संशोधन प्रकल्पांना मार्गदर्शन करते.

गेल्या सत्रात एक विद्यार्थिनी वही घेऊन आली. सकाळच्या आणि संध्याकाळच्या एसटी गाड्यांना होणाऱ्या उशिरात फरक आहे का, हे पाहायला तिने स्थानकावर उभं राहून चाळीस नोंदी घेतल्या होत्या. पानं भिजून शाई पसरलेली. पी-मूल्य, म्हणजे खरा फरक नसतानाही इतका किंवा याहून मोठा फरक निव्वळ योगायोगाने दिसण्याची शक्यता, ०.०६; ते ०.०५च्या खाली आलं तरच फरक ठोस मानायची रीत. "ताई, या दोन नोंदी गाळल्या तर ०.०५च्या खाली येतं. गाळू?"

त्या दोन्ही नोंदी धो धो पावसाच्या दिवशीच्या, गाडी सव्वा तास न आलेल्या. ताटकळणाऱ्या प्रवाशाला विचारा, तोच खरा उशीर! ०.०५ ही रेघ ब्रिटिश सांख्यिकीतज्ज्ञ रोनाल्ड फिशर यांनी १९२५ मध्ये सोयीची म्हणून सुचवली होती, ती काही दगडावरची नाही. आम्ही नोंदी ठेवल्या, ०.०६ तसंच लिहिलं.

परीक्षणात मात्र "निष्कर्ष ठोस नाही" म्हणून तिचे गुण कापले गेले. भिजलेली वही कोणी उघडलीही नाही. विद्यापीठांनी प्रकल्पाच्या गुणांत कच्च्या नोंदवहीसाठी वेगळे गुण ठेवावेत, ही कळकळीची विनंती.

— एक संशोधक विद्यार्थिनी, पुणे